आरोग्य विमा की सरकारी दवाखाना : ऊस बिलातून कपात मान्य करण्यापूर्वी



ऊस बिलातून काय काय कापले जाते हे आम्ही आपणास सांगायला नको. सोसायटीचे कर्ज, बेणे-खताची उचल, ठेवी, वर्गण्या. आता त्यात आणखी एका कपातीची सूचना आली आहे. सर्व सभासदांची मिळून एकच गट आरोग्य विमा पॉलिसी कारखान्याने काढावी व तिचा हप्ता बिलातून वळता करावा, अशी मागणी काही सभासदांनी लेखी दिली असून येत्या वार्षिक सभेपुढे हा विषय येणार आहे. गिरड गटात त्यावरून दोन तट पडलेले आम्ही बांधाबांधावर पाहतो. एकजण म्हणतो, "खाजगीत एक खेप भरती झालं का दोन एकराचा ऊस जाते. विमा पायजेच." दुसरा म्हणतो, "सरकारी दवाखाना फुकट हाय, सरकारचं कार्ड हाय, मंग आपण काहून पैसे भरावं?"

दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे समजून घेण्यासाठी हा लेख. ऊस विकास विभागाने दवाखान्याच्या गोष्टीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरी दवाखान्याचे बिल येते त्या घरी खोडव्याला खताचा हप्ता वेळेवर पडत नाही, हे आम्ही दर हंगामात पाहतो.

विमा म्हणजे काय, याचा हिशेब

विमा कंपनी पैसे पिकवत नाही. ती आपलेच पैसे गोळा करते आणि जो आजारी पडला त्याला देते, मधला खर्च व नफा स्वतः ठेवते. हिशेबापुरते असे धरू. एक हजार घरे आहेत. वर्षाला त्यातील ६० घरांत कोणीतरी दवाखान्यात भरती होते आणि सरासरी बिल ३०,००० रुपये येते. एकूण १८ लाख झाले. हजार घरांत वाटले तर घरामागे १,८०० रुपये. कंपनीचा कारभार, एजंट, नफा धरून हप्ता २,२०० च्या आसपास बसेल.

आता दुसऱ्या वर्षी तरणीताठी, धडधाकट सातशे घरे म्हणाली, "आमच्या घरी कोणी पडलंच नाही, पैसे पाण्यात गेले." ती बाहेर पडली. राहिली तीनशे घरे, पण आजारी माणसे बहुतेक त्यांच्यातच. समजा ५० भरती झाल्या. पंधरा लाख भागिले तीनशे, म्हणजे घरामागे ५,००० रुपये, वरचा खर्च वेगळा. हप्ता दुपटीहून वर गेला की आणखी शंभर घरे निघतात. आपल्या कारखान्याचे गणित आठवा. गाळप घटले तरी बॉयलर, पगार, व्याज तेवढेच राहते आणि प्रति टन खर्च वाढतो. विम्यात माणसे घटली की तेच होते. हप्ते वाढण्याला दवाखान्यांचे वाढते दर, वाढते वय ही कारणे आहेतच, पण हे कारण सभासदांच्या स्वतःच्या हातातले आहे म्हणून आधी सांगितले.

ही गोष्ट पुस्तकातून उचललेली नाही. आपल्याच जिल्ह्यात ती करून पाहिलेली आहे.

सेवाग्रामची ज्वारी

कस्तुरबांच्या नावाचे सेवाग्रामचे रुग्णालय सर्वांस ठाऊक आहे. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी तेथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. त्या महाविद्यालयातील डॉ. उल्हास जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास आसपासच्या गावांत एक योजना मांडली. शेतकऱ्याजवळ पैसा बारा महिने नसतो, पण ज्वारी निघाली की धान्य असते. म्हणून वर्गणी ज्वारीत घ्यायची, तीही सुगीवर. भूमिहीनाने थोड्या पायल्या द्यायच्या आणि जमीनवाल्याने जमिनीच्या प्रमाणात जास्त. जमा ज्वारी विकून त्यातून गावच्या आरोग्य सेवकाचे मानधन आणि औषधे भागवायची. वर्गणीदाराला अचानक आलेल्या आजारात रुग्णालयात मोफत उपचार मिळत. मोतीबिंदू, हर्निया अशा आधी कळणाऱ्या व थांबू शकणाऱ्या गोष्टींत काही भाग त्याने स्वतः भरायचा.

यात दोन अटी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की गावातील निदान तीन चतुर्थांश घरे सामील झाली तरच ते गाव योजनेत घ्यायचे. काहून, ते वरच्या हिशेबावरून कळेल. फक्त आजारी घरांनीच पायल्या आणून टाकल्या तर कोठार कधी भरणार नाही. दुसरी अशी की ज्याची जमीन जास्त त्याची वर्गणी जास्त, पण उपचार मात्र गरजेप्रमाणे, सगळ्यांना सारखे. बाजारातल्या पॉलिसीत याच्या उलट असते. वय वाढले, आजार लागला की हप्ता जास्त. म्हाताऱ्या भूमिहीन मजुराला सर्वांत महाग विमा आणि तीस वर्षांच्या बागायतदाराला सर्वांत स्वस्त.

पुढे सोयाबीन आले, आपल्या भागातून ज्वारी जवळजवळ उठली आणि वर्गणी रोख झाली. पण त्या योजनेतला जो मुद्दा आजच्या वादात विसरला जातो तो निराळा आहे. रुग्णालयाचा खरा खर्च त्या ज्वारीतून कधीच निघणार नव्हता. सेवाग्रामच्या संस्थेला केंद्र व राज्य सरकारचे अनुदान होते, त्यावर रुग्णालय उभे होते, आणि ज्वारी त्याच्या जोडीला होती. गावाने वर्गणी दिली म्हणून गावाचा त्या दवाखान्यावर हक्क निर्माण झाला, ही तिची कमाई. दवाखाना मात्र सरकारी पैशावर चालत होता. दवाखानाच नसता तर पायल्या घेऊन लोक गेले असते कोठे?

आज सभासदाला काय मिळते

सरकारी बाजू आता पाहू. १९४६ सालीच भोर समितीने म्हणून ठेवले की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये. त्या शिफारशीवरूनच पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. सपाट मुलखात तीस हजार लोकांमागे एक केंद्र, पाच हजारांमागे एक उपकेंद्र असे सरकारचे मान आहे. आपल्याला गिरडचे केंद्र, वर समुद्रपूरचे ग्रामीण रुग्णालय, हिंगणघाटचे उपजिल्हा रुग्णालय आणि वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या सर्व दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सेवा मोफत झाली. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या निर्णयात नाहीत, हे मात्र लक्षात असू द्यावे. नागपूरला मेडिकलमध्ये जाऊन "सरकारी हाय, पैसे कायले मागता" म्हणून भांडण करणारे आमच्या पाहण्यात आहेत.

मोठ्या आजारासाठी योजनेचे कार्ड. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ अखेर ती राज्यभर गेली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ पासून तिच्या जोडीला आली. वर्धा हा शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांपैकी एक असल्याने आपल्याकडील पांढऱ्या कार्डाचे शेतकरीसुद्धा पूर्वीपासून फुले योजनेत होते. पुष्कळांना ते कधी कळलेच नाही. २०२३ च्या निर्णयाने राज्यातील सर्वच कुटुंबे आत आली व २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. शिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचे वेगळे कार्ड काढता येते.

म्हणजे विमा नकोच का? इतके सोपे नाही. कार्डावर ठरावीक उपचारच बसतात, आणि तेही योजनेत नोंदलेल्या दवाखान्यातच. तेथे आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला भरतीच्या वेळीच भेटले पाहिजे, बिल झाल्यावर नव्हे. मोफत म्हणून भरती केले आणि तपासण्यांचे पैसे बाहेरून घेतले, अशा तक्रारी गटात आमच्या कानी येतात. अशा वेळी १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करता येते. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांचेही एक कलम सभासदांना माहीत हवे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ठरवून दिलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. मागितल्याशिवाय त्या मिळत नाहीत.

हप्त्याचा वाद

आरोग्य विम्याच्या हप्त्यावर २०१७ पासून १८ टक्के जीएसटी होता. आजाराच्या भीतीवर कर घेता काय, अशी ओरड देशभर झाली. आपल्या विदर्भातून तिला जोर आला. नागपूरच्या आयुर्विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या निवेदनावरून नितीन गडकरी यांनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहून हा कर काढावा असे कळवले. आपल्याच सरकारातील मंत्र्याला मंत्र्याचे पत्र, म्हणून ते गाजले. शेवटी २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक पॉलिसीवरील कर शून्य झाला. कंपन्यांची त्यांच्या खर्चावरील कराची वजावट गेल्यामुळे सारेच १८ टक्के आपल्या खिशात उरतील असे समजू नये, पण फरक पडला.

आता सभेच्या दृष्टीने महत्त्वाचे. ही सूट गट पॉलिसीला नाही. कारखान्याच्या नावावर सर्व सभासदांची पॉलिसी काढली तर तिच्यावर १८ टक्के कर अजूनही लागतो. गटाने घेतले की स्वस्त पडते हे खते-औषधांत आपण अनुभवले आहे, विम्यातही बहुधा तसेच असते, पण कोटेशन पाहताना करासहित आकडा मागावा.

तसेच गट पॉलिसीचा दर एका वर्षाचाच असतो. पहिल्या वर्षी क्लेम जास्त गेले की दुसऱ्या वर्षी कंपनी दर चढवते. ज्येष्ठांच्या वैयक्तिक पॉलिसीचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी विचारा, असे विमा नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना बजावले, पण ते वैयक्तिक पॉलिसीपुरते. गटाला असा बांध नाही.

आणखी एक खुबी आहे, ती बहुतेकांना बिल हातात आल्यावरच कळते. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोज २,००० असेल आणि आपण ४,००० ची खोली घेतली, तर नुसते वरचे २,००० कापले जात नाहीत. डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर यांसारख्या खर्चालाही तेच प्रमाण लावतात व निम्मे बिल आपल्या अंगावर येते.

कार्डाने आणि पॉलिसीने काय होत नाही

उसाच्या फडात साप असतो. पाचट काढताना, रात्री पाणी फिरवताना, तोडणीच्या वेळी. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, त्यातील बहुतेक खेड्यातली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर एकच लस चालते आणि ती किती लवकर टोचली यावर सारे अवलंबून. रात्री दोन वाजता गिरडजवळच्या शेतात कोणाला घोणस चावली, तर त्याच्या खिशात पाच लाखांचे कार्ड आहे की नाही याने काही होत नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात लस शिल्लक आहे का, डॉक्टर मुक्कामाला आहे का, १०८ ची गाडी किती वेळात येते, एवढेच प्रश्न उरतात. ती व्यवस्था कोणतीही विमा कंपनी आपल्या गावात उभी करणार नाही, कारण तिला त्यात धंदा नाही. ती सरकारनेच ठेवली पाहिजे, आणि ती आहे की नाही हे आपण विचारले पाहिजे. फरीदबाबाच्या टेकडीवर नवस जरूर बोलावा, पण आधी केंद्राकडे गाडी वळवावी.

दुसरे म्हणजे बीपी आणि शुगर. साखर पिकवणाऱ्या गावात शुगरच्या गोळ्यांचा खर्च वाढावा हा विनोदच म्हणायचा. भरती न होता रोज गोळ्या घेणाऱ्याला साधारण पॉलिसीतून दमडी मिळत नाही, आणि घराचा खरा पैसा तर या महिन्याच्या महिन्याच्या औषधांतच झिरपतो. या गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत देण्याची योजना आहे.

तिसरी गोष्ट तोडणी कामगारांची. ते सभासद नाहीत, त्यामुळे सभेत त्यांच्या बाजूने कोणी बोलत नाही. २०१९ साली आरोग्य विभागाने बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यात १३ हजारांवर बायांची गर्भाशये काढलेली निघाली, बहुतेक खाजगी दवाखान्यांत. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने त्याचा तपास केला. खाडा पडला की मजुरी बुडते, जवळ विश्वासाचा सरकारी डॉक्टर नाही, मग खाजगीतला म्हणेल ते खरे. अशा ठिकाणी नुसता विमा दिला तर नको ती ऑपरेशने कमी होण्याऐवजी वाढण्याचीच भीती जास्त. फुले योजनेचे कार्ड राज्यात कोठेही चालते, तेव्हा आपल्या फडावर येणाऱ्या टोळीकडे ते आहे का, एवढे तरी मुकादमाला विचारावे.

सरकारला स्वतःलाही विमा कंपनी सोडावी लागल्याचे उदाहरण आमच्या खात्याच्या जवळचे आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात विमा योजना कंपनीमार्फत चाले. कंपन्या प्रकरणे लटकवतात, नाकारतात अशा तक्रारी झाल्या. २०२३ साली सरकारने कंपनी मधून काढली व थेट सानुग्रह अनुदान द्यायला सुरुवात केली, मृत्यूस दोन लाख रुपये. सर्पदंशही त्यात धरला आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, आणि तो लगेच करावा.

देशाचा आकडा सांगून पुढे जाऊ. आजारावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी लोकांनी थेट खिशातून दिलेला भाग २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा आहे. पण २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करू म्हटले होते आणि २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. इंग्लंडने १९४८ पासून करातून दवाखाने चालवले, तेथे रांगेची ओरड असते. अमेरिकेने बव्हंशी विम्यावर भिस्त ठेवली, तेथे हप्त्याची ओरड असते.

सभेत काय विचारावे

आमचे मत विचाराल तर या हंगामात सर्वांना सक्तीची मोठी गट पॉलिसी घेऊ नये. ज्याचे कार्ड निघालेले नाही त्याच्या बिलातून हप्ता कापणे म्हणजे पाटाचे पाणी शेताच्या टोकाला आलेले असताना टँकर लावणे. आधी गटातील प्रत्येक घराचे कार्ड व्हावे. ते झाल्यावर, कार्डात न बसणाऱ्या खर्चापुरती लहान पॉलिसी घ्यायची असेल तर जरूर घ्यावी, पण मग तीन चतुर्थांशाहून अधिक सभासद येत असतील तरच, आणि शक्य तर हप्ता टनेजच्या प्रमाणात. मोठ्या बागायतदारांना हे रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. कोटेशन सभेपुढे ठेवताना करासहित हप्ता, खोलीभाड्याची मर्यादा, जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला आहे की नाही, वर्धा जिल्ह्यातील कोणते दवाखाने रोकडविरहित घेतात आणि गेल्या वर्षी तशाच गटाला कंपनीने दर किती वाढवला, हे लेखी असावे. नसल्यास विषय पुढील सभेवर ढकलावा.

आणि त्याच सभेत दुसरा ठराव मांडण्याची आमची विनंती आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी पत्र द्यावे, सर्पदंशाच्या लसीच्या किती कुप्या शिल्लक आहेत आणि रात्री कोण हजर असते, असे विचारावे, व मिळालेले उत्तर याच पत्रिकेत छापावे. २०२३ साली राज्याने मंजूर केलेल्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आपला जिल्हा होता आणि ते आपल्याकडे व्हावे म्हणून हिंगणघाटकर रस्त्यावर उतरले होते. महाविद्यालयासाठी जेवढा जोर लावला त्याच्या चौथाई जोर केंद्रातल्या लसीच्या कपाटासाठी लावला तरी चालेल.

कार्ड काढण्यासाठी घरातील सर्वांचे आधार, रेशन कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाईल लागतो. रेशन कार्डावर सुनांची व लहान मुलांची नावे चढली आहेत का हे आधी पाहावे, बहुतेक अर्ज तेथेच अडतात. ऊस नोंदीसाठी गट कार्यालयात याल तेव्हा ही कागदपत्रे सोबत आणावीत, नोंदीचा फॉर्म भरतानाच आमचे कर्मचारी ती तपासून देतील.